बाई गैरहजर

निरगाठ होती. जुने कागद बांधलेल्या रुमालाची चारही टोकं एकमेकांत अशी करकचून आवळलेली की नख शिरायला जागा नाही — आणि ज्यानं कुणी ती मारली त्याला हा रुमाल पुन्हा कधी सोडावा लागेल असं वाटलंच नसणार. नाही तर त्यानं सुरगाठ मारली असती, कचेरीतली माणसं आपल्या जिवाला तेवढं जपतातच. दामूनं उजव्या हाताचं नख लावून पाहिलं, मग डाव्या. जुन्या कापडाला धूळ आणि कसल्याशा कडू औषधाचा वास येत होता. त्यानं मान खाली घातली आणि गाठीला सरळ दात लावले.

"अहो मास्तर," टेबलापलीकडून कमळाकर कारकून म्हणाला, "तोंड नका लावू. वाळवीचं औषध मारलेलं असतं त्याला."

दामू ओशाळला. त्याच्या शाळेतल्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्यानं त्याला चार शब्द सुनावले असते. कारकुनानं खणातून कागद शिवायचं दाभण काढलं, गाठीत खुपसलं, एकदाच मनगट फिरवलं आणि रुमाल सोडून त्याच्यापुढं सरकवला. "घ्या. शहापूरकडून आलेले कागद या रुमालात असतात. तुमच्या आजोबांचं काही असलंच तर यात. नसलं तर मग नाही बुवा."

नसलं तर बरं, असं दामूच्या मनात येऊन गेलं. आणि लगेच — असलं तर बरं. गेले तीन महिने त्याचं हे असंच चाललं होतं, एक मन असं, एक मन तसं, आणि दोन्ही मनं मिळून त्याला जागचं हलू देत नव्हती. काल मात्र तो हलला होता. सापगावहून दुपारी निघून किन्हवलीला एका ओळखीच्या मास्तरकडे मुक्काम केला, त्याच्याकडून या कारकुनाच्या नावानं चिठ्ठी घेतली, आणि उजाडायच्या आत पुन्हा चालायला लागला तो मुरबाडची कचेरी उघडते न उघडते तोच दारात येऊन उभा राहिला. लोकांना वाटावं, केवढी ही तातडी. तातडी खरी दुसरीकडे होती. इथून दीड कोसावर त्याची सासुरवाडी होती, तिथं त्याची बायको रंभा होती, आणि रंभाजवळ दोन महिन्यांची एक मुलगी होती जिचं तोंड तिच्या बापानं अजून पाहिलेलं नव्हतं. सकाळी फाट्यावर वाट दुभंगली तेव्हा एक वाट तिकडं जात होती. पाय आपसूक कचेरीकडे वळले... आपसूक कसले, वळवले मी. खोटं कशाला बोला.

पंधरा दिवसांपूर्वी रंभाचा भाऊ चंदर शहापूरच्या बाजारात गाठ पडला होता. भांडायला आला नव्हता. मिरच्यांच्या ढिगाशी उभा राहून, इकडंतिकडं बघत, एखादं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाला होता, "पाडव्याच्या आत या तुमी मास्तर. नाय आलात तर आमी पंच बसवू, काडी मोडू नि मोकळं होऊ. आमच्या बायला अशी अधांतरी नाय ठेवायची." पंचांसमोर वाळक्या काडीचे दोन तुकडे केले की संसाराचे दोन तुकडे. इकडची रीतच ती. कागद नाही, सही नाही, बोटभर काडी. आणि पाडवा आता नऊ दिवसांवर आला होता.

दामूला बायको नको होती असं नाही हो. हवी होती, जिवापाड हवी होती. पण तिला घरी आणायचं म्हणजे आपल्याजवळ आणायचं, आणि आपण कोण आहोत हेच त्याला कार्तिकातल्या त्या संध्याकाळपासून कळेनासं झालं होतं.

काय झालं होतं त्या संध्याकाळी? काहीच नाही. शाळेचं महिन्याचं पत्रक भरत तो चुलीजवळ बसला होता. रंभानं विचारलं, जेवायला वाढू का. तो बोलला नाही. मग तिनं दुसऱ्यांदा विचारलं. एवढंच — दुसऱ्यांदा विचारलं. पाण्याचा पितळी लोटा त्याच्या हाताशी होता आणि पुढच्या क्षणी तो भिंतीवर होता, रंभाच्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि भिंतीचा तळहाताएवढा पोपडा खाली आला होता. मधलं काही त्याला आठवत नव्हतं. हात उचलल्याचं आठवत नव्हतं, राग आल्याचंसुद्धा नाही. रंभा तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. ती ओरडली नाही, रडली नाही, पोटावर दोन्ही हात ठेवून नुसती उभी राहिली. ओटीवर त्याचा बाप गोमा दोरी वळत बसला होता, तो आवाज ऐकून दारात आला. त्यानं भिंत पाहिली, सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाला, "नथू."

नथू म्हणजे गोमाचा बाप. दामूचा आजा. उभ्या जन्मात गोमानं बापाचं नाव उच्चारलेलं दामूनं ऐकलं नव्हतं. आणि उच्चारलं ते असं, पोटच्या पोराकडे बघून.

तिसऱ्या दिवशी चंदर येऊन रंभाला घेऊन गेला. जाण्याआधी तिनं ती भिंत शेणामातीनं लिंपून काढली. दामू शाळेत होता. परत आला तेव्हा भिंत वाळलेली होती, कुठं पोपडा पडला होता ते शोधूनही सापडत नव्हतं, आणि त्यानं ते तासभर शोधलं.

"चहा घेणार?" कारकुनानं विचारलं. दामूनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्यालाच कळलं नाही. कारकून आपल्या कामाला लागला. दामू एकेक कागद उलटू लागला. सगळे मोडीत, काहींचं अक्षर मोत्यासारखं, काहींचं मुंग्या चालल्यासारखं. गुरचरणीचे तंटे, बांधाचे तंटे, एका आंब्याचा तंटा. माणसं कशाकशावरून भांडून मेली आणि त्यांचे कागद मात्र इथं गुण्यागोविंदानं एका रुमालात राहतात, असं त्याच्या मनात आलं.

आजा त्याला थोडासा आठवत होता. नथू वारला तेव्हा दामू पाच वर्षांचा असेल. खळ्याच्या कडेला बसलेला एक वाकलेला म्हातारा. कुणाशी बोलत नसे. जाता-येता दामूच्या डोक्यावर हात ठेवी, आणि तो हात जड लागे. बाकी सगळं ऐकीव. नथूच्या रागाला गाव भीत असे. त्याची बायको धोंडीबाई मुरबाडकडची. सहा वर्षांच्या गोमाला टाकून ती एके दिवशी निघून गेली. कुणी म्हणे पळाली, कुणी म्हणे त्यानं हाकलली. घरात त्याबद्दल अवाक्षर नाही. घरात बाईमाणूस नाही ते नाहीच, गोमाचं लग्न होईपर्यंत बापलेक भाकरी थापून खात. त्या घरातलं ते मुकेपण दामूनं लहानपणी श्वासाबरोबर आत घेतलं होतं, आणि त्याला वाटे, आमचं घर असंच आहे, बोलायचं नसतं एवढंच.

मग मार्गशीर्षात ती नोंद त्याच्या हाती लागली. शाळेत घालण्याजोग्या मुलांची यादी करायची म्हणून तो गावच्या पाटलाकडे जन्ममृत्यूची बुकं चाळत बसला होता. नवी बुकं पाहून झाली, हात जुन्यांकडे गेला... आणि सन १८९८च्या बुकात, मयतांच्या रकान्यात: धोंडीबाई, भ्रतार नथू, वय चोवीस, कारण ताप. म्हणजे ती कुठं गेली नव्हती, पळाली नव्हती. ती मेली होती. ताप तर काय, ज्याचं कारण सांगायचं नसेल त्याच्यापुढंही तापच लिहितात. आणि गावानं पळाली म्हणून सांगितलं ते मग कशावर पांघरूण घालायला? नथूनं लोटा फेकला होता का तिच्यावर? त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता, एवढाच काय तो फरक?

त्या दिवसापासून दामूनं सासुरवाडीला जायचं नावच टाकलं. मुलगी झाल्याचा सांगावा आला, तो ऐकून परसात जाऊन रडला, पण गेला नाही. न जाण्यात त्याला एक पुण्य वाटू लागलं होतं. मी लांब आहे तोवर त्या दोघी सुरक्षित आहेत... माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो.

बाजारातून चंदरचा निरोप घेऊन आला त्या दिवशी मात्र त्यानं बापाला विचारलंच. गोमा गोठ्यात होता. "बा, आजीचं काय झालं?" गोमानं बैलापुढं पेंढा टाकला, हात झटकले. दामूला वाटलं, नेहमीसारखाच मूग गिळून बसणार.

"मला नाय ठाव," गोमा म्हणाला. मग, बैलालाच सांगितल्यासारखं, "दर साल भात झोडून झाला का बा मुरबाडला जायाचा. कचेरीत. मला शेजाऱ्याकडं ठेवून जायाचा. कशाला ते मी कदी इचारलं नाय. परत आला का दोन दिस जेवायचा नाय."

एवढ्या एका धाग्यावर दामू इथवर आला होता. आणि दुपारचे बारा वाजायच्या सुमाराला, आंब्याच्या तंट्याखाली, दोऱ्यानं शिवलेल्या सात-आठ कागदांवर त्याला ते नाव दिसलं. नथू, राहणार सापगाव, तालुका शहापूर.

वरचा कागद अर्जाचा. कुणा अर्ज लिहिणाऱ्याचं घोटीव अक्षर, शब्द कचेरीचे, पण मधूनमधून आतून दुसराच आवाज यायचा.

*अर्जदार नथू अर्ज करतो ऐसा जे, माझी बायको धोंडीबाई ही घरात बोलाचाली व मारहाण होऊन मुरबाड तालुक्यात माहेरी निघून आली. चार रोज वाट पाहिली. बाई आली नाही. सबब रागाचे भरात मी तिचे नावाने नदीवर जाऊन आंघोळ केली. ओल्या अंगाने येताना गावचे कोतवालाने विचारिले की कोण गेले. मी बायकोचे नाव सांगितले. बाई माहेरी वारली असे समजून त्याने मयत मांडविली. बाई जिवंत आहे. तरी मेहेरबानांनी तिला जिवंत करावी.*

खाली निशाणी नांगराची. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही म्हणजे नांगर. चार रेघांचा काढलेला, आणि फाळाच्या जागी टाक इतका दाबलेला की कागदाला भोक पडलं होतं.

दामूनं ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करायची म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पोरगी हाताबाहेर गेली, भाऊ वाटणीवरून तुटला, की लोक नदीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतात — आजपासून तू आम्हाला मेलास. पण ती आपली रागाची गोष्ट. राग उतरला की लोक पुन्हा बोलू लागतात, लग्नाला बोलावतात, केलेली आंघोळ कुणी काढत नाही. नथूच्या नशिबात तेवढ्यात कोतवाल आडवा आला. त्यानं ओलं धोतर पाहिलं, नाव ऐकलं, आणि आपलं काम चोख केलं.

कारकून मागं येऊन खांद्यावरून वाचत होता. "जिवंत करावी म्हणे," तो हसला. "मामलेदाराला काय संजीवनी दिलेली असते का?"

दामूही हसला. हसताहसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना, आणि कारकून चपापून म्हणाला, "बसा, बसा. मी चहाचं बघतो."

मेली नव्हती. नथूनं तिला मारून टाकलं नव्हतं. तीन महिने छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं, आणि ते उतरताच दामूच्या लक्षात आलं की आता आपली सबबही गेली. पण कागद अजून संपले नव्हते. पुढं रोजनामा होता. दर तारखेला काय घडलं ते एका ओळीत. शहापूरच्या कचेरीनं मुरबाडला कळवलेलं की बाई तुमच्या हद्दीत राहते, तिला बोलावून तिची जबानी घ्यावी. आणि मग, सन १९०० जानेवारी: *अर्जदार हजर. बाई गैरहजर.* १९०१ जानेवारी: *अर्जदार हजर. बाई गैरहजर.* १९०२: *अर्जदार हजर. बाई गैरहजर.* अक्षर बदलत होतं, शाई बदलत होती, कारकून बदलत होते, वाक्य तेच. १९०३. १९०४. दर साल भात झोडून झालं की. शेजाऱ्याकडं एक मुलगा ठेवून. सापगाव ते मुरबाड, पायी, थंडीतून, आणि इथं या खोलीच्या बाहेर कुठंतरी भिंतीला टेकून दिवसभर — बाई येईल. यंदा येईल. सरकारनं बोलावलंय म्हटल्यावर येईलच की. दामूला तो म्हातारा झालेला दिसेना. तीस वर्षांचा, दामूपेक्षा थोडाच मोठा, जाडजूड हातांचा एक माणूस दिसू लागला, ज्याला दाराकडे बघत बसण्याखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं.

१९०५. *अर्जदार हजर. बाई हजर.*

दामूनं पान उलटलं नाही. खिडकीबाहेर कुणाचा तरी बैल शेपटीनं माश्या वारत उभा होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. आत्ता या घटकेला ते दोघं कचेरीत आहेत, सात वर्षांनी समोरासमोर, आणि अजून कुणी काही बोललेलं नाही. ते तसंच राहू द्यावं असं त्याला वाटलं. मग त्यानं पान उलटलं.

*नाव धोंडीबाई, वय अंदाजे एकतीस. सत्य स्मरून सांगते की, मी जिवंत आहे. मला नवऱ्याने काढून दिले नाही, मी आपण होऊन आले. त्याने मला मारले. तो सदा वाईट असे माझे म्हणणे नाही. राग गेला म्हणजे तो मजशी बोलत नसे, चूक झाली असेही म्हणत नसे, महिना महिना खाली मान घालून हिंडे. त्याची मला रागापेक्षा जास्त भीती वाटे. मयत नोंद आहे ती तशीच असो. मी जिवंत झाले तर नांदावयास जावे लागेल. मुलगा गोमा यास भेटीस पाठविल्यास मला पाहिजे आहे. नवरा त्याला घेऊन दारात आला असता तर मी बोलले असते. तो दारात आला नाही. कचेरीत आला.*

निशाणी बांगडीची. एक वाटोळं, नीट जुळवलेलं.

खाली हुकूम: *बाई जिवंत दिसते. बाई स्वतः दुरुस्ती मागत नाही. सबब कागद दप्तरी दाखल.*

आणि त्याच्याही खाली, दुसऱ्या कुणाच्या तरी बारीक अक्षरात, १९०६ जानेवारी: *अर्जदार पुन्हा हजर. कागद निकालात निघाल्याची समज दिली. तरी सायंकाळपर्यंत बसून होता.*

चहा आला, निवाला. कमळाकर कारकुनानं विचारलं, मिळालं का हवं ते, आणि दामूनं उलटा प्रश्न केला, "रावसाहेब, हे बाईचं गाव — इथून किती लांब?"

कारकुनानं कागदावर वाकून गावाचं नाव पाहिलं. "हे होय? नदीपलीकडं. दोन कोस असेल नसेल."

दोन कोस. सात वर्षं तो बारा-पंधरा कोस तुडवत आला आणि पुढचे दोन कोस त्याच्यानं चालवले नाहीत. का? दामूला एकदम राग आला आज्याचा, सणसणीत राग, या कार्तिकानंतर पहिल्यांदाच त्याला स्पष्ट कळला असा राग. अरे बाबा, एवढा अर्ज लिहवलास, नांगर काढलास, मामलेदारापुढं उभा राहिलास, तिच्या दारात जायला काय झालं होतं तुला? पोराचा हात धरून जायचं होतंस. शिव्या दिल्या असत्या तिनं, दिल्या असत्या तर ऐकायच्या होत्या... आणि हे मनात म्हणत असतानाच त्याला आपले हात दिसले. कागदावर ठेवलेले. बोटांना लागलेली चाळीस वर्षांची धूळ. सकाळपासून तो या खुर्चीत बसला होता. दीड कोसावर त्याची मुलगी झोळीत झोपली असेल किंवा जागी असेल, आणि तो कचेरीत आला होता.

बा, तू भिंत बघून म्हणालास ना, नथू... लोट्यासाठी म्हणालास. पण खरा नथू हा. मी तो लोटा फेकल्यावर तीन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो, मान खाली घालून शाळेत जात होतो, ते तुला दिसलं होतं का? तुला ते नक्की दिसलं असणार. सहा वर्षांचा असताना पाहिलेलं कोण विसरतो.

आणि गंमत अशी की त्याला हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं, तर उलट त्याला बरं वाटलं. हुरूप आल्यासारखं. रक्तात असतं ते काढता येत नाही असं तो समजत होता. पण यात रक्त कुठं होतं? जबानीत तर एकेक साधी गोष्ट होती. बोलला नाही. चूक झाली म्हणाला नाही. दारात आला नाही. यातली कुठलीही एक तो करू शकला असता, कुठल्याही वर्षी, कुठल्याही सकाळी. आज्याच्या हाताशी सगळं होतं आणि त्यानं ते केलं नाही. ते करणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. दामू मास्तर होता. अवघड आणि अशक्य यांतला फरक त्याला रोज पोरांना समजवावा लागे.

त्यानं कागद होते तसे लावले, रुमालाची टोकं एकावर एक घेतली आणि सुरगाठ मारली.

"नक्कल नको?" कारकुनानं विचारलं.

"नको," दामू म्हणाला. "पण माझे वडील येतील. गोमा त्यांचं नाव. त्यांना वाचता येत नाही. त्या बाईची जबानी तेवढी त्यांना वाचून दाखवा." मग थांबून म्हणाला, "नाही, राहू द्या. मीच घेऊन येईन त्यांना. मीच वाचीन."

बाहेर फाल्गुनातलं ऊन होतं. रस्त्यानं पाचोळ्याचे भारे घेऊन बाया चालल्या होत्या, शेताशेतांतून भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर निघत होता, आणि माळावर पळस फुललेला होता. चालताना दामू वाक्यं जुळवत होता. पहिलं वाक्य असं, मग दुसरं, मग तिसऱ्यात क्षमा मागायची... निबंधच झाला तो. चौथ्यांदा जुळवून त्यानं ते सोडून दिलं. मधे एका उतारावर त्याचे पाय थांबले. पुढं गाव दिसत होतं. अजून मागं फिरता आलं असतं. उद्या येऊ, आंघोळपांघोळ करून, नीट कपडे घालून येऊ. नथू असाच कुठंतरी थांबला असेल का एकदा तरी, नदीच्या काठापर्यंत येऊन? ते कुठल्या कागदात असणार नाही. आला असशील तर आजा, मला माहीत नाही, पण मी जातो.

शेताच्या बांधावर चंदर राब भाजत होता. हातातल्या ओल्या डहाळीनं जाळाची कड झोडपत त्यानं दामूला ओळखलं, पण पुढं आला नाही. "मी काय बोलणार नाय मास्तर," तो लांबूनच म्हणाला. "बाय सांगल ते खरं. ओटीवर हाये बघा."

रंभा ओटीवर सुपात वाल निवडत बसली होती. मागं आढ्याला झोळी टांगलेली, तिला एक दोरी बांधलेली, ती दोरी रंभाच्या पायाच्या अंगठ्याला. वाल निवडतानिवडता तिचा पाय हलत होता आणि झोळी हलत होती. तिनं वर पाहिलं. पाय थांबला. मग पुन्हा हलू लागला.

"का आलात?"

दामू अंगणात उभा होता. निबंधातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "लोटा फेकला ते. आणि फेकून बोललो नाही ते. बोललो नाही ते जास्त."

रंभानं एक किडका वाल उचलून अंगणात टाकला. "चार महिने लागले हे सांगायला?"

"भीती वाटत होती."

"कोणाची? माजी? का चंदरची?"

"माझीच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कार्तिकातल्या त्या संध्याकाळीसुद्धा तिनं त्याच्याकडे असंच पाहिलं होतं हे त्याला आत्ता कळलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली होती. आत्ता घातली नाही. कठीण गेलं, पण घातली नाही.

"मला पण वाटते," रंभा म्हणाली. "तुमचीच." मग सूप मांडीवरून उचलून बाजूला ठेवत, काहीशा रागानंच, म्हणाली, "मंग एकल्यानं भिऊन काय केलंत तिकडं? दोगं मिळून भ्यालो असतो. माज्याजवळ बोलायचं होतंत."

ती घरी येते म्हणाली नव्हती. तिनं मुलीला दाखवलं नव्हतं, त्यानंही दाखव म्हटलं नव्हतं. पाडव्याला नऊ दिवस होते आणि नऊ दिवसांत काय होईल ते त्याला माहीत नव्हतं. ओटीच्या पायरीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर, तो बसला. भीती होतीच, जिथं होती तिथंच होती. पण आज ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली गेली होती आणि दुसऱ्या कुणीतरी ती ऐकली होती, आणि ऐकून उठून गेलं नव्हतं. आणखी काय काय सांगायचं राहिलंय ते त्याला एकेक करून आठवू लागलं, बरंच होतं, आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत असताना त्यानं सुरुवात केलीसुद्धा होती.